विनतासाठी मागणं

आमच्या कुटीत स्वतःसाठी काही मागायचं नाही असा नियम होता. मागायचं ते दुसऱ्यासाठी. पहाटे प्रार्थना झाली, गीतेचा अध्याय झाला, की अण्णा डोळे उघडायचे आणि विचारायचे, "कुणाचं कुणासाठी काही मागणं आहे?" मग एकेक जण बोलायचं. नथ्थूभाऊंच्या चपलेचा अंगठा तुटलाय, त्यांना चप्पल हवी. प्रतिमाचं वाचताना डोकं दुखतं, तिला चष्मा हवा. ज्याच्यासाठी मागितलं त्याने मान खाली घालून बसायचं आणि अण्णांनी म्हणायचं, "दिलं." वस्तू घरात असली तर त्याच दिवशी मिळे. नसली तर कुणी देणारा भेटेपर्यंत वाट बघायची.

पाहुण्यांना हे फार आवडायचं. नागपूरहून, अमरावतीहून माणसं येत, मागच्या रांगेत बसत आणि डोळे पुसत. सगळ्या जगाने असं केलं तर काय बहार होईल, असं एक वकिलीणबाई मला म्हणाल्या होत्या. मी तेव्हा ओल्या लाकडाच्या चुलीत फुंकर घालत होते, त्यामुळे डोळे माझेही भरलेले होते. त्यांना वाटलं, मला पटलं. त्या दोन दिवस राहिल्या आणि गेल्या.

मी तिथेच राहत होते. स्वयंपाकघर माझ्याकडे होतं.

कुटी जबलपूरला, ग्वारीघाटाच्या रस्त्याला, नर्मदा हाकेच्या अंतरावर. अण्णांनी रेल्वेतली चांगली नोकरी सोडून ती उभी केली. मातीच्या भिंती, कौलं, दोन गाई, आजूबाजूच्या वस्तीतल्या पोरांसाठी बालवाडी आणि औषधांचं एक कपाट. चहा नाही, विजेचा दिवा नाही, रॉकेलचा स्टोव्हही नाही. मी आले तेव्हा तरुण विधवा होते. सासरी राहवत नव्हतं आणि माहेरी धाकट्या भावाचं लग्न अजून व्हायचं होतं. अण्णांनी विचारलं, तुला काय येतं. मी म्हटलं, स्वयंपाक येतो. दुसरं काहीही सांगितलं असतं तरी बरं झालं असतं.

बाकीची कामं दर महिन्याला फिरत. आज गोठा, तर उद्या बालवाडी. स्वयंपाकही एकदा फिरवून पाहिला होता. प्रतिमाने आठवडाभर खिचडी केली आणि मग सगळ्यांनी फार प्रेमाने मला परत बोलावलं. तेव्हापासून ते काम फिरायचं थांबलं. त्याबद्दल कुणी काही ठरवलं नाही, ठरवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

कुटीत घड्याळ नव्हतं. आम्ही अहिंसेचं नाव घेणारी माणसं, पण उठायचो तोफगाड्यांच्या कारखान्याच्या भोंग्यावर. पहाटेच्या शांततेत तो एवढ्या लांब यायचा. भोंगा वाजला की प्रार्थनेची वेळ. माझी चूल त्याच्या बरीच आधी पेटलेली असायची, कारण प्रार्थना संपली की माणसांना भूक लागते. देवाचं नाव घेतल्याने भूक कमी होते असं मी अनेकदा ऐकलं आहे. आमच्याकडे तरी तसं दिसलं नाही.

मग त्या वर्षी डिसेंबरात लढाई लागली.

लढाई आमच्यापासून फार दूर होती, पण जबलपूर कारखान्यांचं गाव. इथे लढाई गोळ्यांनी येत नाही, पाळ्यांनी येते. भोंगे अवेळी वाजू लागले. रस्त्याने सायकलींच्या रांगा दिवसभर चालत. खिडक्यांना काळे कागद लागले. आणि लष्करी इस्पितळात जखमी जवान येऊ लागले, तशी त्यांच्यामागे त्यांची माणसं आली. कुणाचा बाप, कुणाची बायको, कुणाचा काका. हरयाणातून, बिहारातून, गढवालातून. त्यांना राहायला जागा कुठे होती. स्टेशनवर पथाऱ्या टाकून बसत.

अण्णा एके दिवशी स्टेशनवर गेले आणि दोन टांगे भरून माणसं घेऊन आले. म्हणाले, "कुटीचं दार आजपासून उघडं." त्यांचं बरोबरच होतं. ती माणसं बघून कुणाचंही काळीज हललं असतं. एका म्हातारीने तर येताना मुलासाठी तुपाचा डबा आणला होता, आणि मुलाला तोंडाने खाता येत नव्हतं. मला त्या माणसांचा कधीच राग आला नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण दार उघडायला एकदाच हात लावावा लागतो. आत आलेल्यांना रोज दोन वेळा जेवू घालावं लागतं.

पोळ्यांच्या जागी जाड रोट्या आल्या. परात भरून कणीक, ती संपली की पुन्हा परात. भाजीला मटार, कारण सिहोऱ्याकडून पोत्याने मटार यायचा आणि नथ्थूभाऊंचे गाववाले तो फुकट द्यायचे. नथ्थूभाऊ मूळचे तिकडचेच, गोठा आणि बाग सांभाळत. मटार सोलायला माझ्याबरोबर भानुमतीताई असायच्या. त्या कुटीतल्या सगळ्यात जुन्या, अण्णांबरोबर पहिल्या दिवसापासूनच्या. मोठं काम आता त्यांच्याने होत नसे, पण भाजी निवडणं, मटार सोलणं, ताक घुसळणं हे त्यांचं होतं. सूप मांडीवर घेऊन त्या बसल्या की दुपार होईपर्यंत उठत नसत. उठताना एक हात कमरेवर आणि एक हात जमिनीला.

माझा उजवा खांदा दिवाळीपासूनच गेला होता. हात वर जात नसे. कणीक मळताना बोटं बधिर व्हायची आणि मग ती माझी आहेत की परातीतली कणीकच आहे, हे कळायचं नाही. पण खरं सांगायचं तर दुखण्याचं मला फारसं वाटत नव्हतं. दुखण्याला तेल लावता येतं. मी थकले होते. सकाळी उठल्यावर थकलेली असायचे. रात्री अंग टाकलं की डोळ्यांपुढे रोट्या फुगायच्या. मला एक महिनाभर उजाडल्यावर उठायचं होतं. बस्, एवढंच हवं होतं. कुणीतरी केलेलं, कुणीतरी वाढलेलं खायचं आणि परत आडवं व्हायचं.

धाकटा भाऊ शशिकांत खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होता. जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात त्याचं दोन खोल्यांचं घर. लढाई लागल्यापासून त्याला रविवारची सुट्टी क्वचित मिळायची. तशा एका रविवारी तो सायकलवरून आला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला आणि मला रोट्या भाजताना बघत राहिला. त्याचेही डोळे खोल गेले होते. दोन पाळ्या सलग केल्या होत्या त्याने.

"ताई, काहून एवढं करून राहिली तू?" तो म्हणाला.

"मग कोण करणार?"

"ते मला काय माहीत. तू चल घरी. महिनाभर राहा. पोरीची खोली आहे, लतिका आमच्याजवळ झोपेल. सकाळी पाहिजे तेव्हा उठ."

पाहिजे तेव्हा उठ, हे शब्द मी मनात दोनदा म्हणून पाहिले. मग तव्यावरची रोटी उलटली.

"महिनाभर बाहेर राहायचं तर विसावा मिळाला पाहिजे," मी म्हटलं. "तो दुसऱ्या कुणीतरी मागायचा असतो."

"मग तू माग ना."

"स्वतःसाठी नाही मागत आमच्यात."

"अच्छा. मग मी मागतो. आहेत का अण्णा?"

"नात्यातल्याने मागायचं नाही. नातं म्हणजे मोठं झालेलं 'मी'च, असं अण्णा म्हणतात."

शशिकांतने डोक्याला हात लावला. "ताई, आमच्या फॅक्टरीतही सुट्टी मिळते. लढाई चालू असूनही मिळते. अर्ज द्यावा लागतो, साहेब दोन शब्द बोलतो, पण मिळते. तुमच्याइथं तर बंदूकवाल्यांपेक्षा कडक काम आहे." मग उठताना तो जरा हळू आवाजात म्हणाला, "कोणी मागितलं की मला निरोप दे. मी रिक्षा घेऊन येतो. रविवार असो की नसो."

विसावा म्हणजे काय ते सांगते. काम थांबवायची परवानगी, तिला आमच्याकडे विसावा म्हणत. मी आल्यापासून तो फार थोड्यांना मिळाला होता. विष्णुपंत बाग बघत, त्यांना मिळाला. त्यांची चटई व्हरांड्यात उन्हाला घातली, ताट तिथेच नेऊन देत असू. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. इंदिराताईंना मिळाला, त्या मुलाकडे राहायला गेल्या आणि परत आल्याच नाहीत. बाकीच्यांना या दोन गोष्टी लक्षात होत्या. माझ्या डोक्यात त्या कधी आल्याच नाहीत. मला विसाव्यात फक्त झोप दिसत होती.

तर आता माझं सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. कुणीतरी पहाटे माझ्याकडे बघून म्हणायला हवं होतं, की विनताला विसावा द्या. आणि ते कुणाला तरी आपणहून दिसायला हवं होतं.

मी दिसेल असं वागू लागले. परात डाव्या हाताने उचलू लागले, तीही सगळ्यांच्या समोरून. वाढताना मध्येच भिंतीला टेकू लागले. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रतिमाने हात जोडले आणि म्हणाली, "विनताताईंसाठी मागणं आहे." मी मान खाली घातली.

"त्यांना बसून कणीक मळता येत नाही, पाट फार बुटका आहे. त्यांना उंच पाट पाहिजे."

"दिलं," अण्णा म्हणाले.

पाट आला. चांगला शिसवी पाट, कुणीतरी दिलेला. त्यावर बसून कणीक मळायला खरंच सोपं जायचं. मग मी एक दिवस डाळ लागू दिली. मुद्दाम नाही म्हणता येणार, पण वास आला तेव्हा मी उठले नाही. सगळ्यांनी ती करपलेली डाळ मुकाट्याने खाल्ली, कारण जेवताना बोलायचं नाही हाही नियम होता. दुसऱ्या पहाटे नथ्थूभाऊ म्हणाले, "विनता दीदी के लिए. उनका पातेलं तळाला पातळ झालंय. जाड बुडाचं पाहिजे." पातेलं आलं. त्यानंतर भानुमतीताईंनी माझ्यासाठी मोठी परात मागितली, म्हणजे मला दोनदा कणीक भिजवावी लागणार नाही. मोठी परातही आली. ती भरल्यावर उचलायला दोन माणसं लागत.

एका पहाटे मी प्रार्थनेतच झोपले. बसल्या बसल्या, भिंतीला न टेकता. अध्याय संपला, मागणी संपली, तरी मला पत्ता नाही. जाग आली तेव्हा सगळे माझ्याभोवती शांत बसले होते आणि अण्णा कौतुकाने म्हणत होते, "विनताचं ध्यान लागलं होतं." पाहुण्यांपैकी एक बाई माझ्या पाया पडली.

मला हसू यायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि मटारच्या पोत्याला टेकून रडले. या माणसांचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं मला म्हणता येत नव्हतं. रोज कुणी ना कुणी माझ्यासाठी काहीतरी मागत होतं. फक्त माझ्यासाठी मागितलेलं सगळं चुलीपाशी जाऊन बसत होतं.

तेव्हा मला भानुमतीताई दिसल्या. म्हणजे रोज दिसतच होत्या, पण त्या दिवशी उठताना त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला, आणि मला वाटलं, मला जे हवंय तेच यांनाही हवं असणार. या तर माझ्याहून किती मोठ्या. यांच्यासाठी तरी कुणी मागितलंय का? शिवाय असंही मनात आलं, की एकदा एकीने दुसरीसाठी विसावा मागितला, की लोकांना तो शब्द तरी आठवेल.

पहाटे मी हात जोडले. "भानुमतीताईंसाठी मागणं आहे. त्या थकल्या आहेत. त्यांना विसावा द्या."

सगळे एकदम गप्प झाले. आमच्याकडे शांतता नेहमीची, पण ही वेगळी होती. अण्णांनी भानुमतीताईंकडे पाहिलं. त्यांची मान खाली होती, नियमाप्रमाणे. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "दिलं."

नथ्थूभाऊंनी माळ्यावरची चटई झटकून व्हरांड्यात घातली. भानुमतीताई तिच्यावर जाऊन बसल्या. विसावा मिळालेल्याने कामाला हात लावायचा नाही, आणि इतरांनीही त्याला लावू द्यायचा नाही. मटार मी एकटी सोलू लागले. रोट्या झाल्या की मटार, मटार झाला की ताक. मी माझ्या हाताने माझं काम वाढवून ठेवलं होतं.

दोन-तीन दिवसांनी मी त्यांचं ताट घेऊन गेले, तर सकाळचं ताट तसंच होतं. त्या उन्हात बसल्या होत्या. हात मांडीवर उताणे ठेवलेले. इतक्या वर्षांत मी ते हात रिकामे कधी पाहिले नव्हते.

"जेवल्या नाहीत?"

"बस इथं," त्या म्हणाल्या. मी बसले. "विनता, खरं सांगशील? माझ्या हातून मटारात अळी राहून जात होती का?"

"नाही हो. कुणी म्हटलं?"

"कोणी नाही म्हटलं. मग काहून काढलं मला?"

"काढलं कुठे? तुम्ही थकल्या होत्या म्हणून..."

"थकते ना मी. या वयात थकणार नाही तर काय होईल?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "थकले म्हणून या चटईवर बसवायचं? ही विष्णुपंतांची चटई आहे, माहीत आहे ना तुला? इथं बसवलं की माणसाने समजायचं, आता आपलं झालं. मी कोणाला म्हटलं होतं माझं झालं म्हणून?"

मी ताटातल्या भाजीकडे बघत राहिले. मटार मीच सोललेला होता आणि त्यात एक अळी होती.

"मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल," मी म्हटलं. "मला वाटलं असतं."

"तुला?"

"मला कुणी विसावा दिला असता तर मी आनंदाने मेले असते इथे. माझा हात उचलत नाही, भानुमतीताई. मी किती दिवस वाट बघतेय, की कुणाला तरी दिसेल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं.

"दिसत नाही असं वाटून राहिलं तुला?" त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून पाहून राहिली मी. प्रतिमा म्हणे, विनताताईंचा खांदा गेला. नथ्थू म्हणे, दीदी सुकली. आम्ही रोज बोलतो तुझ्याबद्दल. पण मागायचं कोणी? एवढी वर्षं तू सगळ्यांना जेवू घातलं, आणि चार माणसांत तुला म्हणायचं, तुझं झालं, तू बस? तेवढे काही आम्ही निर्दय नाही. म्हणून तर परात मागितली तुझ्यासाठी. म्हटलं, हिचा मान राहील आणि काम थोडं सोपं होईल."

मी हसू लागले. मग मला संताप आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. सगळ्यांना दिसत होतं. सगळे माझ्या मागे माझ्याबद्दल हळहळत होते. आणि मान राखायचा म्हणून मला मोठमोठी भांडी देत होते.

"मग आता मागा," मी म्हटलं. "उद्या पहाटे मागा. आता तर तुम्हाला कळलं, मला अपमान वाटणार नाही."

भानुमतीताईंनी खरोखर दुःखाने मान हलवली.

"आता कशी मागू गं? तू सांगितल्यावर मागितलं, तर ते तुझंच मागणं झालं. माझ्या तोंडून फक्त निघेल. सांगून मागवलेलं चालत नाही. तू सांगितलंच नसतं तर..."

मी त्यांचं ताट उचललं आणि आत आले.

त्या रात्री मला झोप लागली, हे नवल. माझ्यासाठी आता कुणीही मागणार नव्हतं. वाट बघणं संपलं होतं, आणि वाट बघण्यातही किती जीव जातो ते तेव्हा कळलं.

सकाळी चूल पेटवलीच नाही. भोंगा वाजला तेव्हा मी सगळ्यांच्या आधी प्रार्थनेला जाऊन बसले होते. अध्याय झाला. मागच्या रांगेत जवानांची माणसं बसली होती, ती तुपाच्या डब्याची म्हातारीही. अण्णांनी डोळे उघडले. "कुणाचं कुणासाठी काही मागणं आहे?"

मी हात जोडले. "भानुमतीताईंसाठी मागणं आहे. मी मागितलेला विसावा त्यांना नको होता. त्यांचं काम त्यांना परत द्या."

"दिलं," अण्णा लगेच म्हणाले. त्यांनाही ते बोचत असावं.

मी हात तसेच ठेवले. "आणखी एक आहे. विनतासाठी."

प्रतिमाने चष्मा सावरला. नथ्थूभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं, जसं काही कुटीत दुसरी विनता कधी आली होती का ते आठवून बघत होते.

"विनता म्हणजे मीच," मी म्हटलं. "मी थकले आहे. मला महिनाभर विसावा द्या. मी भावाकडे जाईन आणि झोपेन. परत येईन की नाही ते झोप झाल्यावर सांगेन. मला दुसरं काही नको. पाट, पातेलं, परात, सगळं परत घ्या."

मान खाली घालायची असते हे माहीत होतं, पण मी ती घातली नाही. मी अण्णांकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं, म्हणून मला दिसलं नव्हतं. त्यांच्या पापण्या सुजल्या होत्या. पाठ भिंतीपासून वीतभर दूर ठेवून बसण्यासाठी ते कधी या, कधी त्या हाताचा टेकू घेत होते. त्यांच्यासाठी कुणी काही मागितल्याचं मला आठवेना. अण्णांना काय लागणार, असंच आम्ही धरून चाललो होतो.

"नियम मोडलास," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटायचं, मोडेल तो मीच," अण्णा म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले. "दिलं. आजपासून."

एवढंच. कुणी रागावलं नाही, कौलं कोसळली नाहीत. जी गोष्ट एका वाक्यात मिळण्यासारखी होती ती मी इतकी वर्षं खांद्यावर वाहिली होती. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त अजून थकल्यासारखं वाटलं.

थोड्या वेळाने नथ्थूभाऊ अगदी हळू म्हणाले, "तो फिर आज खाना?"

मी तोंड उघडणार होते, सवयीने. तेवढ्यात मागून आवाज आला. भानुमतीताई एक हात कमरेवर आणि एक हात जमिनीला लावून उठत होत्या.

"मी आहे ना," त्या म्हणाल्या. "प्रतिमा, तू रोट्या लाटशील. नथ्थू, तू परात उचल. चलो."

त्या तरातरा आत गेल्या. तरातरा म्हणजे त्यांच्या मानाने. तुपाच्या डब्याची म्हातारीही काही न समजता त्यांच्या मागे गेली आणि बाह्या वर करू लागली.

शशिकांतला निरोप द्यायला बालवाडीतल्या एका बाईचा नवरा जायचा होता, तो खमरियालाच कामाला होता. तोवर करण्यासारखं मला काही नव्हतं. मी खोलीतून माझं पांघरूण आणलं. व्हरांड्यात विष्णुपंतांची चटई तशीच होती. ऊन नुकतंच तिच्यावर आलं होतं. मी आडवी झाले. अंगाखालची जमीन चांगली वाटली. लांब कुठेतरी पाळी सुटल्याचा भोंगा झाला.

डोळा लागतोय तोच स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. मग प्रतिमाचा प्रश्न, मीठ कुठे असतं. भानुमतीताईंचं उत्तर, शोध. पुन्हा शांत. आणि मग वास आला. जाड बुडाच्या नव्या पातेल्यात डाळ खाली लागत होती. अजून फार नाही, नुकती सुरुवात. आत्ता कुणी उठून पातेलं खाली उतरवलं असतं तर वाचली असती. माझे पाय आपोआप हलले.

मी कूस बदलली आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं.